स्प्रे गन नवी घेतली तरी फिनिश दाणेदारच येतंय? आधी हवा तपासा

घरच्या वर्कशॉपमध्ये लाकूडकाम करणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. सागवानाचं दार किंवा टेबलाचा टॉप रंधून, घासून, सीलर मारून तयार असतो. फवारणीची गन हातात घेतली की पहिले दोन-तीन पट्टे अगदी सपाट आणि ओले बसतात. चौथ्या-पाचव्या पट्ट्यापासून दाणा उठायला लागतो. उजेडात तिरकं बघितलं तर संत्र्याच्या सालीवर असतात तसे बारीक खळगे दिसतात. पेपर मारून पुन्हा हात दिला तरी तेच. मग हजार-बाराशेची गन बाजूला पडते, चार-पाच हजारांची येते, तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'एचव्हीएलपी' (हाय व्हॉल्यूम लो प्रेशर, म्हणजे हवा जास्त, दाब कमी) छापलेलं असतं, आणि फिनिश आधीपेक्षाही खराब येतं.

या तक्रारीत गनचा दोष क्वचितच असतो. हवा दाबून टाकीत भरणारा कॉम्प्रेसर देतो त्यापेक्षा गन जास्त हवा खाते, हे खरं दुखणं. महाग गन बहुतेकदा आणखी जास्त हवा खाते, म्हणून पैसे घालूनही त्रास वाढतो. त्यामुळे गन कोणती घ्यावी याचं उत्तर गनपासून नाही, कॉम्प्रेसरपासून शोधायला हवं.

दोष कधी सुरू होतो ते आधी बघा

निदानाची पहिली पायरी हीच आहे, आणि नेमकी तीच बरेच जण गाळतात. एक जुना पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा उभा करा आणि न थांबता मिनिटभर त्यावर फवारा. अगदी पहिल्या पट्ट्यापासून दाणा दिसत असेल तर माल (म्हणजे फवारायचं लॅकर, पॉलिश किंवा रंग) जाड आहे, दाब कमी ठेवलाय किंवा गन लांबून धरलीय. सुरुवात चांगली होऊन पंधरा-वीस सेकंदांनी दाणा येत असेल, तर हवा अपुरी पडतेय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. पहिल्यात थिनर घालून किंवा दाब-अंतर सुधारून काम होतं. दुसऱ्यात कितीही थिनर ओतलं तरी उपयोग नाही, उलट ओघळ सुरू होतात.

खात्री करायची तर गनच्या दांड्याखाली, हवा आत शिरते तिथे, एक छोटं गेज बसवा. हार्डवेअरच्या दुकानात ते सहज मिळतं. गनचा मालाचा कप रिकामा ठेवून ट्रिगर पूर्ण दाबा आणि दाबलेलाच ठेवा. समजा, ट्रिगर दाबल्यावर काटा ३० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) लावलाय. दहा सेकंदांनी तो तिथेच आहे का? तिसाव्या सेकंदाला कुठे आहे? मिनिट झाल्यावर? काटा घसरत २० वर आला असेल तर तुमचं उत्तर तुमच्यासमोर आहे. ट्रिगर न दाबता लावलेला दाब हिशेबात धरू नका. बंद ट्रिगरवर गेज ४० दाखवतं आणि ट्रिगर दाबताच २५ वर येतं, हे अगदी नेहमीचं आहे. कंपनीच्या कागदावर दिलेला दाब ट्रिगर दाबलेल्या अवस्थेतला असतो.

टाकीचा हिशेब

घरोघरी दिसणारा कॉम्प्रेसर म्हणजे १ एचपी मोटर आणि २५ लिटरची टाकी. त्याच्या पट्टीवर ४ किंवा ५ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) असं काही लिहिलेलं असतं. तो आकडा बहुतेकदा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा त्याच्या साधारण साठ-सत्तर टक्के असते, म्हणजे ३ सीएफएमच्या आसपास. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर, तेव्हा ही झाली मिनिटाला सुमारे ९० लिटर हवा.

दुसऱ्या बाजूला पूर्ण आकाराची एचव्हीएलपी गन ८ ते १२ सीएफएम हवा मागते. १० धरले तर मिनिटाला २८३ लिटर. तूट झाली मिनिटाला १९० लिटरची, आणि ती टाकीतल्या साठ्यातून भरून निघते. रेग्युलेटर, फिल्टर आणि पाईप यांतली घट धरली तर टाकी ४ बारच्या (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय) खाली गेली की गनपाशी दाब ढळू लागतो. २५ लिटरची टाकी ८ बारवरून ४ वर येईपर्यंत साधारण १०० लिटर हवा देते. म्हणजे अर्ध्या मिनिटात खेळ संपला. आणि ट्रिगर दाबता त्या क्षणी टाकी काठोकाठ भरलेली असेलच असं नाही. पुष्कळ कॉम्प्रेसरची मोटर टाकीतला दाब ६ बारवर येईपर्यंत परत सुरूच होत नाही. तिथून सुरुवात केली तर हाती पंधरा सेकंद.

आता दार बघा. साडेसहा फूट उंच, दोन फूट रुंद. पंख्याचा, म्हणजे गनमधून पसरणाऱ्या फवाऱ्याचा, पट्टा ८ इंची, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा, म्हणजे दर वेळी ४ इंच पुढे. सहा-सात पट्टे लागतात. हात सेकंदाला फूटभर चालला तर एका बाजूला पंचेचाळीस सेकंद. टाकीत हवा पंधरा ते तीस सेकंदांची आणि काम पंचेचाळीसचं. दाराची सुरुवातीची कड छान आणि शेवटची दाणेदार का येते, ते यातच आलं.

दाब घसरला की मालाचे थेंब मोठे पडतात. मोठे थेंब एकमेकांत मिसळून सपाट होण्याआधीच वरचं थिनर उडून जातं आणि खळगे तसेच राहतात.

एचव्हीएलपी इतकी हवा का खाते

गाडी रंगवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गनमध्ये ४०-५० पीएसआय दाबाने माल फोडला जातो. थेंब बारीक होतात, पण निम्म्याहून जास्त माल वस्तूला न लागता हवेत उडतो. हे उडणारं सॉल्व्हंट कमी व्हावं म्हणून अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, नियम आले. त्यात एअर कॅपपाशी (गनच्या तोंडावरची हवेच्या छिद्रांची टोपी) १० पीएसआयहून जास्त दाब असता कामा नये, अशी या गनची व्याख्या झाली आणि निदान ६५ टक्के माल वस्तूवर बसावा अशी अपेक्षा ठेवली गेली. दाब कमी केल्यावर माल फोडायचं काम हवेच्या प्रमाणावर आलं. म्हणून 'हाय व्हॉल्यूम'. तंत्र उत्तमच आहे, माल वाचतो, छातीतही कमी जातं. पण ज्या वर्कशॉपसाठी ते घडलं तिथे ३ ते ५ एचपीचे कॉम्प्रेसर असतात. आपल्या गॅलरीतल्या किंवा पार्किंगमधल्या १ एचपीवर ती गन लावणं हा तिच्यावरही अन्याय आहे.

मग कुठली घ्यायची?

१ ते १.५ एचपी असेल तर माझं स्पष्ट मत आहे: १.३ मिमी नोझलची (माल सुटतो ते तोंड), वरच्या कपाची एलव्हीएलपी (लो व्हॉल्यूम लो प्रेशर) गन घ्या. तिला ३ ते ५ सीएफएम पुरतात. दाराएवढं मोठं काम करताना एक बाजू झाली की थांबून टाकी भरू द्या. स्टूल, चौकट, देव्हारा, फोटोफ्रेम एवढंच काम असेल तर ०.८ किंवा १ मिमीची छोटी टच-अप गन आणखी बरी. पंखा अरुंद असतो, पण हवा पुरते आणि देव्हाऱ्याच्या कोरीव महिरपीत मोठ्या गनपेक्षा ती जास्त सफाईने फिरते.

२ एचपी आणि ५० लिटरच्या वर असेल तर एलव्हीएलपी आरामात चालते, आणि कमी हवा खाणारी एचव्हीएलपी थोड्या सवयीने चालवता येते. ३ एचपीपासून पुढे हवी ती गन घ्या.

कॉम्प्रेसर अजून घेतलेलाच नसेल तर वायरीची इलेक्ट्रिक गनही विचारात घ्या. तिच्यातच पंखा किंवा टर्बाईन असतं, त्यामुळे टाकीचा प्रश्नच नाही. ग्रिल, गेट, खिडक्या, कुंपण यांना ऑइल पेंट मारायला ती चांगली आहे. पण बाजारातल्या स्वस्त इलेक्ट्रिक गनचे थेंब मोठे असतात. मेलामाइन पॉलिशचा चकचकीत टॉपकोट (सगळ्यात वरचा थर) किंवा ज्याला आपण ड्युको म्हणतो तसं फिनिश तिच्याकडून मागू नका.

नोझलबद्दल एवढंच: लॅकर, मेलामाइन, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) टॉपकोट यांना १.२ ते १.४ मिमी, सीलर आणि अस्तराला १.६ ते १.८. लांबी (पुट्टी) गनने मारायच्या भानगडीत घरी पडू नका, पत्र्यानेच भरा. पाण्यावरचा माल वापरणार असाल तर निडल (नोझल उघडणारी-बंद करणारी सुई) आणि नोझल स्टेनलेस स्टीलचे हवेत, साधं पोलादी असेल तर गंज धरतो. नोझल मोठं केलं की माल जास्त सुटतो आणि तो फोडायला हवाही जास्त लागते. छोट्या कॉम्प्रेसरवर १.७ चं नोझल लावून टॉपकोट मारणं म्हणजे तीच तक्रार पुन्हा ओढवून घेणं.

दुकानात एकच प्रश्न नक्की विचारा. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असो की तालुक्याच्या गावात, "साहेब, हीच सगळे नेतात" असं ऐकायला मिळतंच. त्यावर शांतपणे म्हणा, "दादा, ही मिनिटाला हवा किती खाते ते खोक्यावर दाखवा." आकडा सीएफएममध्ये असेल किंवा लिटरमध्ये. लिटरमध्ये असेल तर २८ ने भागा. आकडाच छापलेला नसेल तर ती गन घेऊ नका, मग ती कितीही चकचकीत असो. दुसरा प्रश्न असा की नोझल, निडल आणि एअर कॅपचा जोड सुटा मिळतो का? आणि निडलचं पॅकिंग मिळतं का? जिचे सुटे भाग मिळत नाहीत ती गन पहिल्याच वाकलेल्या निडलबरोबर भंगारात जाते.

गन चांगली, कॉम्प्रेसर पुरेसा, तरी काटा घसरतो

मग पाईप बघा. निळा, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला पीयू पाईप सगळीकडे मिळतो. बाहेरून तो ८ मिमी दिसतो, आतली वाट मात्र जेमतेम ५ मिमीची. त्याचे १० मीटर लावले की टाकीपाशी भरपूर दाब आणि गनपाशी दम नाही अशी गत होते. आतून ८ मिमीचा रबरी पाईप घ्या, वाट अडीचपट मोठी होते. पाईप जोडणारे कपलर शक्य तितके कमी ठेवा, प्रत्येक कपलर गळा आवळतो. गन बदलण्याच्या खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि फरक त्याच दिवशी दिसतो.

पावसाळ्यातली तक्रार वेगळी

जून लागला की कोकणातून, मुंबई-ठाण्यातून वेगळी तक्रार सुरू होते: टॉपकोट पांढुरका पडतो, किंवा त्यात बुडबुड्यांसारखे डाग येतात. हे दोन्ही पाण्याचेच प्रकार, पण पाणी वेगवेगळ्या वाटेने येतं.

३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. मिनिटाला ९० लिटर ओढणारा कॉम्प्रेसर तासात साडेपाच घनमीटरच्या आसपास हवा खेचतो, म्हणजे जवळजवळ १३० ग्रॅम पाणी आत घेतो. ८ बारवर दाबून थंड झालेली हवा त्यातलं फार थोडं धरून ठेवू शकते. उरलेलं, तासाला शंभर मिलीच्या वर, टाकीच्या तळाशी नाहीतर पाईपमध्ये साचतं. टाकीखालचा ड्रेन रोज उघडा. तपकिरी पाणी आलं तर गंजही धरलाय असं समजा.

वॉटर सेपरेटर, म्हणजे हवेतलं पाणी गाळणारा फिल्टर, बहुतेक जण कॉम्प्रेसरच्या तोंडालाच लावतात. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात असतं आणि ते फिल्टरमधून सरळ निघून जातं. पुढे पाईपमध्ये हवा निवते आणि थेंब तयार होऊन गनमध्ये जातात. म्हणून कॉम्प्रेसरनंतर निदान पाच-सात मीटर पाईप जाऊ द्या, मग भिंतीवर फिल्टर बसवा आणि तिथून गनकडे जा. फिनिशवरचे तुटक, गोल डाग याने थांबतात.

सगळीकडे एकसारखं पांढरट धुकं आलं असेल तर मात्र तो पाईपचा किंवा गनचा दोष नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर पृष्ठभाग तीनेक अंशांनी थंड झाला की त्यावर दव धरतं, आणि हे दव फिल्ममध्ये अडकतं. यावर उपाय म्हणजे हळू उडणारं रिटार्डर थिनर थोड्या प्रमाणात घालणं, पातळ हात देणं आणि पाऊस उघडलेल्या दुपारी काम करणं. धुकं आलेल्या पृष्ठभागावर नुसत्या रिटार्डरचा अगदी हलका हात फिरवला तर बहुतेकदा ते निघूनही जातं, सगळं घासून काढायची गरज पडत नाही.

विदर्भातल्या मे महिन्यात बरोबर उलटं होतं. पारा ४४-४५ वर असताना थेंब लाकडापर्यंत पोचेतो निम्मा वाळतो आणि हात फिरवला की खरखर लागते. तिथेही हळू उडणारं थिनरच कामाला येतं, आणि काम सकाळी लवकर उरकावं.

पट्ट्याचा आकार बरंच सांगतो

पुठ्ठ्यासमोर गन धरून क्षणभर ट्रिगर दाबा आणि उमटलेला ठसा बघा. लांबट, दोन्ही टोकांना हलका होत गेलेला ठसा हवा. मध्ये जाड आणि कडेला काहीच नाही, तर माल घट्ट आहे किंवा हवा कमी. मध्ये कंबर बारीक आणि दोन्ही टोकं जाड, तर दाब जास्त आहे किंवा पंखा नको इतका उघडलाय. ठसा चंद्रकोरीसारखा एका बाजूला वाकला असेल तर कुठलं तरी छिद्र तुंबलंय. एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा ठसा घ्या. कोर दुसरीकडे वळली तर घाण कॅपमध्ये, तिथेच राहिली तर नोझलच्या टोकाला. छिद्रात टाचणी किंवा तार कधीही घालू नका. कॅप थिनरमध्ये भिजवा आणि दातकोरणीच्या लाकडी काडीने साफ करा. पितळी छिद्राचा काठ तारेने जरा जरी खरवडला तरी पंखा कायमचा वाकडा होतो.

गन थुंकत असेल, फवारा थांबत-सुटत येत असेल, तर मालाच्या वाटेत कुठून तरी हवा शिरतेय. नोझल पान्याने नीट घट्ट करा, निडलच्या पॅकिंगला तेलाचा एक थेंब द्या. त्याआधी कपाच्या झाकणावरचं बारीक भोक बघा. ते वाळलेल्या मालाने बुजलं की माल खाली उतरत नाही, आणि लोक तासभर गन उघडून बसतात.

गोल डोळे पडले असतील, म्हणजे मध्ये उघडं लाकूड आणि भोवती कड, तर ते तेल किंवा सिलिकॉन आहे. कॉम्प्रेसरचं तेल, फर्निचरला पूर्वी मारलेलं चमकवायचं पॉलिश, कधी बिजागरीवर फवारलेलं स्प्रे तेल. यावर गन बदलून काही होत नाही. पृष्ठभाग सॉल्व्हंटने दोनदा पुसा, दर वेळी नवं फडकं घ्या.

माल किती पातळ करायचा, हे डोळ्यांवर सोडू नका. चार नंबरचा फोर्ड कप (तळाला भोक असलेला मोजणीचा कप) घ्या. घरच्या गनसाठी टॉपकोट १८ ते २२ सेकंदांत रिकामा झाला पाहिजे. डब्यावर कंपनीने आकडा दिला असेल तर तो पाळा. आज २० सेकंदांवर छान आलं तर तो आकडा आणि दाब डब्यावरच मार्करने लिहून ठेवा.

कॉम्प्रेसर आणि माल एका खोलीत नकोत

हे दोष निवारणाचा भाग म्हणून लिहितोय, कारण दमट हवा टाळायला लोक दारं-खिडक्या लावून फवारतात. एनसी लॅकरची वाफ पेट घेते आणि कॉम्प्रेसरच्या प्रेशर स्विचला ठिणगी पडते. कॉम्प्रेसर बाहेर ठेवा, लांब पाईप घ्या, हवा खेळती ठेवा, जवळ गॅस नाही की देवाचा दिवा नाही. दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये (माल कडक करणाऱ्या दुसऱ्या डब्यात) आयसोसायनेट असतं आणि त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. कापडी किंवा कागदी मास्क त्याला अडवत नाही. त्या मालासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर घरी पाण्यावरचा एका डब्याचा पीयू मारा, नाहीतर चपडा लाखेचं पॉलिश बोळ्याने करा. लाकूड दोन्हीत सुंदर दिसतं.

काम झाल्यावर कपात थिनर घालून स्वच्छ येईपर्यंत फवारा, मग नोझल, निडल, कॅप काढून पुसा. हार्डनर घातलेल्या मेलामाइननंतर जेवायला जाऊन आल्यावर साफ करू म्हणाल तर निडल नोझलमध्येच बसलेली सापडेल. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतले सील फुगतात. आणि रंग उतरवायच्या पेंट रिमूव्हरने गन धुऊ नका. त्यात मिथिलीन क्लोराइड असेल तर गनमधल्या ॲल्युमिनियमशी त्याची रासायनिक प्रक्रिया होऊन दाबाखालची गन फुटू शकते.